हवा मोजायचा डबा : डोंबिवलीत सव्वा वर्ष वापरून लिहितेय

ब्रँडचं नाव लिहीत नाहीये, कारण हे सगळे डबे आतून साधारण सारखेच असतात आणि मला कुणाशी भांडण उकरून काढायचं नाहीये. पांढरा, टिफिनच्या एका डब्याएवढा, समोर रंगीत स्क्रीन, मागे बारीक जाळी. ऑनलाइन सेलमध्ये सहा हजार दोनशेला घेतला. नवरा म्हणाला एवढ्यात मिक्सर आला असता. तेही खरंच आहे.

घ्यायचं कारण सांगते. आम्ही डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीपासून लांब नाही. वासाची सवय आहे आम्हाला, बाहेरचे पाहुणे आले की त्यांना जाणवतो, आम्हाला फक्त "आज जरा जास्त आहे" एवढंच वाटतं. पण एका रात्री दोनच्या सुमारास मुलगी खोकत उठली, सासूबाई उठल्या, डोळे चुरचुरतायत म्हणाल्या, आणि खिडक्या लावून आम्ही पाचही जण हॉलमध्ये पंख्याखाली बसलो, खिडकी लावली की वास आतच राहतो आणि उघडली की अजून येतो असा प्रकार. सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऐंशी मेसेज. दुपारपर्यंत विषय संपला, पार्किंगचं भांडण सुरू झालं. तेव्हा मला वाटलं की आपल्याकडे आकडा पाहिजे. नुसतं "वास येतो" म्हटलं की कुणी विचारत नाही, आकडा दाखवला की ऐकतील. म्हणून डबा.

आता आधी वस्तूबद्दल, मग बाकीचं.

पीएम २.५ म्हणजे हवेतले अतिशय बारीक कण, ते हा बऱ्यापैकी मोजतो. आत एक छोटा पंखा हवा ओढतो, लेझरचा झोत पडतो, कणांवरून प्रकाश विखुरतो, त्यावरून अंदाज. अंदाजच, लक्षात ठेवा. दिवाळीत आकडा कसा चढतो आणि पहाटे कसा उतरतो हे बघायला मजा येते. आमच्या किचनमध्ये तर फोडणी पडली की स्क्रीन लाल. मिरचीचा ठेचा केला त्या दिवशी चारशेच्या वर गेला, सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आम्ही चाळीस वर्षं कारखानाच चालवत होतो की." अगरबत्ती लावली तरी चढतो. घरातल्या हवेबद्दल डोळे उघडतात हे मात्र कबूल करायला हवं, एक्झॉस्ट फॅन आम्ही याच डब्यामुळे बसवला.

पावसाळ्यात मात्र भरवसा ठेवू नका. हवेत दमटपणा वाढला की कण पाणी धरून फुगतात आणि डब्याला ते मोठे दिसतात, मग बाहेर स्वच्छ पाऊस पडतोय आणि हा ओरडतोय असं होतं. जुलैमध्ये मी बंदच करून ठेवला होता.

दुसरी फसगत पट्टीची. डब्यावर जो एक्यूआय, म्हणजे हवेच्या दर्जाचा आकडा, दिसतो तो बहुतेक अमेरिकन पट्टीचा असतो, सेटिंगमध्ये जाऊन बघा. आपल्याकडे पीएम २.५ चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय एक्यूआय १०० येतो, म्हणजे "समाधानकारक"च्या काठावर. तेच अमेरिकन पट्टीवर १५० च्या वर जातं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा तर १५ मायक्रोग्रॅम आहे. हवा तीच, पण कुठे समाधानकारक, कुठे वाईट, कुठे चौपट. हे न बघता मी पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला आणि एका इंजिनियर भाऊंनी मला सगळ्यांसमोर सोलून काढलं. बरोबर होतं त्यांचं.

आणि तिसरं, जे खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, फॉर्मल्डिहाइड, टीव्हीओसी (हवेत उडणाऱ्या रसायनांच्या वाफा सगळ्या मिळून), सीओटू वगैरे. त्याच्यावर एक पैसा लावू नका. स्वस्तातल्या डब्यात कार्बन डायऑक्साइड मोजायचा खरा सेन्सर नसतोच, दुसऱ्याच वायूंवरून आकडा बनवतात. सॅनिटायझर हाताला लावून डब्याजवळ हात नेला की फॉर्मल्डिहाइड धोकादायक! मुलीने नेलपेंट काढलं तर सायरन. करून बघा, हसू येईल.

आता खरी गोष्ट. ज्या वासासाठी मी हा घेतला तो वास याला कळतच नाही. नोव्हेंबरमधली एक रात्र, पुन्हा तोच उग्र भपकारा, घसा खवखवतोय, मी धावत जाऊन डबा गॅलरीत ठेवला आणि स्क्रीन (आता भारतीय पट्टीवर) हिरवी! पीएम २.५ सदतीस. टीव्हीओसी थोडा हलला, पण त्याहून जास्त तो आमच्या फिनेलने हलतो. म्हणजे माझ्या हातात आता आकडा होता आणि तो कारखान्याच्या बाजूने बोलत होता.

यात डब्याचा तसा दोष नाही. आपला सरकारी एक्यूआयसुद्धा आठ गोष्टींवरच बनतो, पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड त्यात नाही, सॉल्व्हंटच्या वाफा नाहीत. सरकारच्या समीर ॲपवर "समाधानकारक" दिसतं आणि इकडे आपण नाकाला ओढणी लावून बसलोय, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. आपल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ जून २०१७ ला कारखान्यांना एक ते पाच स्टार द्यायची योजना सुरू केली तीही चिमणीतून निघणाऱ्या कणांवरच. कल्पना मला फार आवडली होती, मिसळीच्या हॉटेलला आपण स्टार बघून जातो तर शेजारच्या चिमणीचे का बघू नयेत. पण पाच स्टारवाल्याच्या मागच्या नाल्याला फेस असू शकतो, योजना त्याबद्दल काही बोलतच नाही. माझ्या डब्यासारखंच झालं ते.

हे सगळं मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना सांगितलं. काका तीस वर्षं डायच्या, म्हणजे रंगाच्या, कारखान्यात ऑपरेटर होते, आता रिटायर्ड. ते डबा हातात घेऊन उलटासुलटा करून म्हणाले, "सुनबाई, याला वास येत नाही, याला फक्त धूळ दिसते." मग त्यांनी जे समजावलं ते मला कुठल्याच प्रॉडक्ट रिव्ह्यूत मिळालं नसतं. स्क्रबर म्हणजे वायू धुवायचं यंत्र, त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी पंपाने सतत फिरवावं लागतं. ते बसवायचा खर्च एकदाच, पण चालवायचा खर्च रोज, कॉस्टिकचा आणि विजेचा. ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेचंही तेच. बसवलेलं असतं, कागदावर असतं, तपासणीला कुणी आलं की चालूही असतं. रात्रपाळीला बटण कोण बघतंय? काका म्हणाले, "सगळेच तसं करतात असं नाही हां, आमच्या एका मालकाने कधी बंद ठेवू दिला नाही. पण जो बंद ठेवतो त्याचा माल स्वस्त पडतो आणि जो चालवतो तो मार्केटमध्ये मार खातो." हे ऐकून मला जरा गप्पच व्हायला झालं, कारण माझा मावसभाऊ तिथेच नोकरी करतो आणि आमच्या सोसायटीतले निम्मे हप्ते त्याच एमआयडीसीच्या पगारावर चाललेत.

तर मग लोकांनी ओरडून काय होतं? यावर मी सव्वा वर्षात बरंच वाचलं, डब्याने आकडा दिला नाही पण वाचायची खोड लावली.

आपल्याकडचं बघा. २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, देशभर बातमी. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, फोटो इतके फिरले की तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः येऊन बघून गेले. तिकडे तळोज्यात ऑगस्ट २०१७ मध्ये भटकी कुत्री निळी झाली, कासाडी नदीच्या भागात, प्राणीप्रेमी लोकांनी फोटो काढून तक्रार केली, जगभर फोटो गेले आणि रंग सोडणाऱ्या कंपनीला टाळं लागलं. त्या नदीबद्दल तिथले मच्छीमार किती आधीपासून बोंबलत होते, मासे मेलेत म्हणून. मासे मेले तेव्हा नाही, कुत्रं निळं झालं तेव्हा. माझ्या बहिणीची सोसायटी कळंबोलीला आहे, ती म्हणते आमच्याकडे रात्री जो वास येतो त्याला कुणीतरी रंग द्या बाबा, म्हणजे काहीतरी होईल.

म्हणजे दिसलं की हलतं. हे नुसतं आमचं निरीक्षण नाहीये. चीनमध्ये संशोधकांनी मोठा प्रयोग केला होता, मर्यादा मोडणाऱ्या कारखान्यांबद्दल काही तक्रारी गुपचूप हेल्पलाइनवगैरे वरून केल्या आणि काही वेबोवर, म्हणजे त्यांच्या ट्विटरसारख्या जागी, सगळ्यांना दिसतील अशा. उघड तक्रारींनी उल्लंघनं चांगलीच घटली, गुपचूप तक्रारींनी थोडीफार. तक्रार तीच, पुरावा तोच. फक्त चार लोक बघतायत हे साहेबाला माहीत असणं एवढाच फरक.

इंडोनेशियाचं मला जास्त आवडलं. १९९५ मध्ये त्यांच्या सरकारकडे ना पुरेसे इन्स्पेक्टर ना कोर्टाचा धाक, म्हणून त्यांनी कारखान्यांना रंग दिले, सोनेरी, हिरवा, निळा, लाल, काळा. पहिल्या फेरीत १८७ कारखाने, त्यातले जवळपास दोन तृतीयांश लाल नाहीतर काळे, म्हणजे नापास, आणि सोनेरी एकही नाही. पण गंमत ही की चांगल्यांची नावं लगेच जाहीर केली आणि वाईटांना सांगितलं, डिसेंबरपर्यंत सुधारा नाहीतर नाव छापू. आपल्या शाळेत पालकांना बोलावण्याआधी बाई असंच करायच्या ना. काही सुधारले, सगळे नाही. पुढे आर्थिक संकटात ती योजनाच काही वर्षं गुंडाळली गेली, मग पुन्हा सुरू केली.

आणि या सगळ्याचं मूळ कुठे आहे तर आपल्याच भोपाळात. १९८४ ला ती वायुगळती झाली, त्यानंतर १९८६ मध्ये अमेरिकेने कायदा केला की कारखान्याने कुठलं विष किती सोडलं ते दरवर्षी लोकांना सांगायचं. सोडल्याबद्दल दंड नाही, मर्यादा नाही, फक्त सांगायचं. १९८९ मध्ये पहिली यादी बाहेर आली तेव्हा यादीतल्या कंपन्यांचे शेअर पडले, आणि मोन्सॅन्टो या केमिकल कंपनीच्या प्रमुखाने तर यादीच्या धास्तीने आधीच, १९८८ मध्ये, हवेत सोडतो ते नव्वद टक्के कमी करू असं जाहीर करून टाकलं होतं. मेली माणसं भोपाळची आणि माहितीचा हक्क मिळाला तिकडच्यांना, यावर काय बोलणार.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही हां. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर २००३ पासून घातक कचरा काढणाऱ्या कारखान्याने फाटकाबाहेर बोर्ड लावायचा असतो, काय केमिकल, किती सांडपाणी, कुठला कचरा. २०१७ च्या फेब्रुवारीत कोर्टाने ऑनलाइन मोजणीचे आकडेही लोकांना बघता यावेत असं सांगितलं. मी एका रविवारी स्कूटरवर फिरून बोर्ड बघितले. काही ठिकाणी व्यवस्थित होते, तारखेसकट. एका ठिकाणी बोर्डावर वेल चढलेला. एका ठिकाणी आकडे ऑइल पेंटने रंगवलेले, म्हणजे प्रदूषण कायमचं ठरवूनच टाकलंय, रोज तेवढंच! वॉचमन म्हणाला मॅडम फोटो नका काढू. बोर्ड लोकांनी बघावा म्हणूनच असतो ना रे दादा, म्हटलं, तर तो बिचारा म्हणाला आजपर्यंत कुणी बघितला नाही.

आकडा कोण काढतो यावर तर सगळंच अवलंबून. गुजरातमध्ये काही वर्षांपूर्वी तपासणी झाली होती, ऑडिटरला पैसे कारखानाच देतो अशा नेहमीच्या पद्धतीत ऑडिटरांच्या मते फक्त ७ टक्के कारखाने धुळीची मर्यादा ओलांडत होते, आणि दुसऱ्यांनी जाऊन खरं मोजलं तर ५९ टक्के. मग पद्धत बदलली, ऑडिटर चिठ्ठीने ठरवले, पैसे एका सामायिक फंडातून, वर फेरतपासणी. ऑडिटर खरं लिहायला लागले आणि, हे महत्त्वाचं, कारखान्यांनी धूरही कमी केला. कायदा तोच होता, मर्यादा तीच होती.

आता आमचं काय झालं ते. मी एका कार्यालयात लेखी तक्रार केली, डब्याच्या स्क्रीनशॉटसकट. दीड महिन्याने उत्तर, "पाहणी केली असता उग्र वास आढळून आला नाही." पाहणी सकाळी अकराला. वास रात्री दोनला. मी वैतागून काकांकडे गेले तर ते म्हणाले डबा ठेव बाजूला, वही घाल. आणि सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये एक दोनशे पानी वही आली. तारीख, वेळ, वारा कुठून (समोरच्या बिल्डिंगवरच्या झेंड्यावरून), आणि वास कसला. वास लिहायची पद्धत काकांनीच शिकवली, सडकं अंडं, कुजका कोबी, नेलपेंट, जळकं रबर, फटाका. केमिकलचं नाव लिहायचं नाही, आपल्याला माहीत नसतं, उगाच शहाणपणा केला की तिथेच पकडतात. शेजारच्या चार सोसायट्यांनी पण वह्या घातल्या. तीन महिन्यांनी वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तर काय दिसलं, सडकं अंडं जवळपास कायम रात्री एक ते चार, आणि शनिवार-रविवारी जास्त. त्या पानांचे फोटो आम्ही उघडपणे टाकले, सगळ्यांना टॅग करून, रोज एक पान. कुठल्याही कारखान्याचं नाव न घेता. नवव्या की दहाव्या दिवशी रात्री पावणेदोनला गाडी आली, नमुने घेणारी माणसं आली, आमच्या वॉचमनने त्यांना चहा पाजला.

नंतर पाच आठवडे रात्री शांत झोपलो. खरंच. सासूबाईंनी गॅलरीत झोपाळा परत लावला.

मग वास परत आला. पण रात्री नाही, सकाळी साडेसहा-सात, जेव्हा सगळे डबे भरण्यात, शाळेच्या रिक्षा पकडण्यात गुंतलेले असतात आणि वही कुणी लिहीत नाही. आणि पहिल्या मोठ्या पावसात नाल्याचा रंग बदलला, पावसात सगळं वाहून जातं ना. काका नुसते हसले. मला ही गोष्ट कुठल्याच अभ्यासात इतकी स्पष्ट दिसली नव्हती, लोक ओरडले की प्रदूषण लगेच कमी होत नाही, आधी ते वेळ बदलतं, मग जागा बदलतं. मे २०१६ ला इथल्या कारखान्यात स्फोट, मे २०२४ ला पुन्हा स्फोट, आणि मधे २०२२ मध्ये जाहीर झालं की डोंबिवलीतले १५६ धोकादायक कारखाने रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेला हलवणार. आम्ही इथे टाळ्या वाजवल्या. पाताळगंगेच्या काठावर पण माणसंच राहतात की, हे मला त्या दिवशी सुचलंसुद्धा नाही, लाज वाटते आता.

तरी पहिल्यापेक्षा बरं आहे. वास येतो त्या दिवसांची मोजणी केली तर गेल्या हिवाळ्यात आमच्या वहीत त्रेसष्ट नोंदी होत्या आणि या हिवाळ्यात एकोणचाळीस. यातलं किती कारखान्याने सुधारलं, किती वाऱ्याने आणि किती आमच्या आळसाने, ते सांगता येत नाही. आता सकाळची नोंद दूधवाल्याला सांगितलीये, तो पाचपासून फिरतच असतो.

हां तर डबा. घरातली हवा बघायला, फोडणी-अगरबत्ती-धुळीसाठी, पाचपैकी तीन स्टार. बॅटरी जेमतेम तीन तास, चार्जिंगला लावूनच ठेवावा लागतो, जाळी महिन्यातून एकदा मऊ ब्रशने साफ करा. कारखान्याच्या वासासाठी घेणार असाल तर एक स्टार, तोही डबा दिसायला बरा आहे म्हणून. वहीला पाच स्टार, स्टेशनरीच्या दुकानात पंचावन्न रुपये, पेन दोरीने बांधून ठेवा, नाहीतर कुरियरवाले घेऊन जातात.

डबा सध्या वॉचमनच्या केबिनमध्येच असतो, घड्याळ म्हणून. रात्री अंधारात वेळ नीट दिसते त्यात.